लोखंड जोडायचं वारं

शुक्रवार पेठ, सोलापूर
मंगळवार, ता. ८ डिसेंबर १९३६

म्हाळसाबाई,

खुशाली विचारत न्हाय आणि कळवतबी न्हाय. गुंडाच्या लग्नापासनं अडीच वर्षं आपण विहिणी एकमेकींशी बोललो न्हाय. आज मी लिहिते म्हंजे तसंच कायतरी असणार, हे तुमाला पाकीट बघूनच कळलं असंल. जोतीराम मास्तर वाचून दाखवतील. मास्तर, माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यागत हाय. मी शाळेत दोन महिने गेले, बाकीचं पोराच्या पाटीवर शिकले. लागंल तसं वाचा, पण गाळू नका आणि गोड करू नका.

भिवराला काल सोमवारी दुपारी मुलगी झाली. तुमची लेक बरी हाय. अंगात कणकण हाय, पण बरी हाय. पोर दिवसाआधी आली. आठवा चालू होता. होतं असं कधी कधी.

पोर रडली न्हाय. सुईण बघून म्हणाली, "केराबाई, सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत न्हाय. जीव लावून घिऊ नको."

मी म्हणाले, "तुला महिने मोजायला बोलावलं व्हय गं? सर बाजूला."

कोकरू निपचित पडलं की आपण काय करतो? तेच केलं. नाकातोंडातलं पुसलं, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, फुंकर घातली. पोरगी शिंकली आणि श्वास लागला. पण तो श्वास बघवंना. दर खेपंला बरगड्यांखाली खड्डा पडायचा, नाकपुड्या फुलायच्या आणि ती कण्हायची. अर्ध्या तासाची पोर, आणि म्हाताऱ्यानं जिना चढावा तशी कण्हती! ओठ जांभळे. नखंबी जांभळी.

घोंगडीत गुंडाळली, पोटाशी धरली, टांगा केला आणि बायकांच्या दवाखान्यात नेली. मागच्या टांग्यात गुंडा भिवराला घिऊन आला. तितली डाक्टरीण गोदावरीबाई, बामणाची, माझ्या निम्म्या वयाची. मला म्हणाली, "आजी, बाजूला व्हा." मला! शेचाळीस वर्षांची मी. पण झाले बाजूला.

आता पुढचं नीट ऐका. खोलीत माझ्या छातीएवढं उंच लोखंडी नळकांडं उभं होतं, बैलाच्या मानेएवढं जाड. सिलिंडर म्हणत्यात. त्यात हवा कोंबलेली असती. आपण घेतो त्या हवेतला जो भाग जिवाला लागतो तेवढाच, निवडून. प्राणवायू. त्यातनं रबराची नळी निघती आणि पाण्याच्या बाटलीत बुडती. बाटलीतनं दुसरी नळी, आणि तिच्या टोकाला नरसाळं. आपण रॉकेल ओततो तसलंच, पण काचेचं. ते पोरीच्या तोंडावर चार बोटं वर धरलं. चावी सोडली. बाटलीत बुडबुडे यायला लागले.

मी म्हणाले, "औषध कधी देणार?"

"हेच औषध."

"ह्यात दिसत तर काय न्हाय."

"नळीकडे काय बघता? मुलीकडे बघा. तिथे दिसेल."

बघितलं. आधी ओठांची कड बदलली. ओल्या कापडाला ऊन लागून ते कडंनं वाळत येतं, तसं. मग जीभ. मग कानाच्या पाळ्या. जांभळं गेलं, करडं आलं, करडंबी गेलं आणि पोरगी तांबूस झाली. कुणी तिला टोचलं न्हाय, पाजलं न्हाय, बोटसुद्धा लावलं न्हाय. भिवरा बाजेवरनं विचारती, "आत्याबाई, काय झालं? सांगा की!" मला सांगता येईना. मला, जिला गिरणीत सगळे तोंडाळ म्हणत्यात.

अजून बरगड्या ओढत्यात. डाक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसं पुरती तयार न्हाईत. चार-पाच दिवस काय सांगता येत न्हाय.

तुमी या. यायचं नसलं तर नका येऊ. पण या.

केराबाई

•

बायकांचा दवाखाना, सोलापूर
गुरुवार, ता. १० डिसेंबर

म्हाळसाबाई,

कार्ड आलं. पाच शब्द. "माझी लेक माहेरी का नव्हती?" पोर जगली का मेली हे न्हाय विचारलंत. विचारलंत ते हेच.

सांगते. भिवराची तब्येत नाजूक होती, प्रवास झेपला नसता, म्हणून पहिलं बाळंतपण असून हितं ठेवून घेतली. झालं उत्तर.

आता पोरीचं. पोरगी हाय. सोमवारपासनं आमी नरसाळं धरून बसलोय. तुमी म्हणाल, दांडीला बांधा की. दांडी हाय दवाखान्यात. पण पोर मान फिरवती आणि दांडी काय फिरत न्हाय. नरसाळं जवळ गेलं की ती तोंड वाकडं करती, लांब गेलं की वारं वाया जातं आणि ओठांवर निळं येतं. चार बोटं म्हंजे चारच बोटं. नर्स गुरम्मा, तिच्याकडं आठ बाळंतिणी, ती किती धरणार? गुंडाला दिलं तर नरसाळं पोरीच्या तोंडाला जाऊन टेकतं, बापच तो. मग मीच. मी वायंडिंग खात्यात एकटी वीस चात्या बघते. कुठला धागा तुटला हे मला मान न वळवता कळतं. डाक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यासारखं आमच्या नर्सलासुद्धा जमत नाही." मी म्हणाले, "तुमच्या नर्सला गिरणीतल्या जाबर मुकादमाच्या शिव्या कुठं खाव्या लागत्यात?" गुरम्मा हसली.

काल बुधवारी सकाळी सिलिंडरवरच्या घड्याळाचा काटा खाली यायला लागला. हवा संपत आली. दुसरं सिलिंडर मुंबईहून आगगाडीनं येणार, ते शनिवारी. डाक्टरीणबाईंनी तार केली, माणूस पाठवला, इकडं तिकडं विचारलं. सगळ्या गावात न्हाय. त्यांच्या तोंडावरचं मला वाचता आलं. त्याला शाळा लागत न्हाय.

गुंडा दाराशी उभा होता. एकदम म्हणाला, "बाई, आमच्या गिरणीत हाय."

"काय आहे?"

"हे. असलंच. लोखंड जोडायला. कल्लप्पा मिस्त्रीकडं."

तुमी म्हणाला होता न्हवं लग्नात, जावई गिरणीत लोखंड ठोकतो म्हणून? तेच लोखंड. कल्लप्पा गॅस मिस्त्री आणि गुंडा त्याच्या हाताखाली. दोन नळ्या एकत्र करून असली आग पाडत्यात की लोखंड लोण्यागत पातळ होतं. त्यातल्या एका नळीत हेच वारं असतं, हे मला काय ठाऊक!

तासाभरात कल्लप्पा हातगाडीवर सिलिंडर घालून दारात हजर. अक्कलकोटकडचा माणूस, निम्मं कानडी बोलतो. डाक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमच्या साहेबाला सांगितलंत का?"

"सांगितलं की, बाई."

"कधी?"

"सिलिंडर गाडीवर चढल्यावर."

मग माझ्याकडं वळून म्हणतो, "यव्वा, हे लोखंड जोडायचं वारं हाय. लेकराला कसं द्यायचं?"

डाक्टरीणबाईंनी सिलिंडरवरचा कागद वाचला, दोनदा. नळी नवी लावली, बाटलीतलं पाणी बदललं. आणि काय केलं सांगू? नरसाळं उचलून आधी स्वतःच्या तोंडावर धरलं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. आमी सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो, आता पडती का मग पडती. इकडं जुन्या सिलिंडरचा काटा तळाला. पंधरा मिनिटं झाल्यावर कल्लप्पा म्हणाला, "मलाबी द्या." त्यानं घेतलं. मी म्हणाले, "हिकडं आणा, माझी नात हाय." मीबी घेतलं.

काय न्हाय हो, विहीणबाई. वास न्हाय, चव न्हाय, गार न्हाय, गरम न्हाय. एवढं लोखंड, एवढ्या नळ्या, आणि आत काय तर काहीच न्हाय. आणि त्या काहीच न्हायवर पोर जगती.

कल्लप्पानं चावीला हात घातला. त्याचे हात फावड्यासारखे. म्हणाला, "बापजन्मात इतकी हळू चावी फिरवली न्हाय." बाटलीत एक बुडबुडा आला. थांबला. दुसरा आला. मग रांग लागली. ह्या पोरीला गिरणीतलं वारं लागलं, आणि ती तितल्या सिलिंडरवरबी तशीच तांबूस झाली.

गुंडाचा बाप अठरा साली मानमोडीच्या साथीत गेला. तोबी असाच जांभळा झाला होता, ओठ, नखं, कान. मी उशाशी बसून पंख्यानं वारं घालत होते. दोन दिवस वारं घातलं. तेच वारं, पण पातळ. काल मला पहिल्यांदा कळलं की त्याला काय पाहिजे होतं.

कल्लप्पा काल दुपारपासनं चावीजवळ बसून हाय. घरी जा म्हटलं तर म्हणतो, "माझ्या सिलिंडरला दुसऱ्यानं हात लावलेला चालत न्हाय."

यायचं बघा.

केराबाई

•

बायकांचा दवाखाना, सोलापूर
शनिवार, ता. १२ डिसेंबर

म्हाळसाबाई,

पोरगी जिती हाय. ते पहिलं लिहिते, म्हंजे मास्तर पुढचं वाचेपर्यंत तुमचा जीव टांगायला नको.

काल तिची पाचवी होती. पाचवीला सटवाई येती आणि लेकराच्या कपाळावर लिहून जाती. आपल्यात पाचवी पुजल्याशिवाय कुठलं लेकरू राहिलंय? त्यातनं अवस तोंडावर आलेली. मी घरनं पदराखाली सगळं आणलं. वरवंटा, हळदकुंकू, कोरा कागद, टाक. आणि तेलवात घातलेली पणती.

खोलीच्या दारावर पाटी हाय. "आत दिवा, विस्तव, विडी नेऊ नये." मला वाचता येतं, मी वाचली. पण मला वाटलं, ते विड्या ओढणाऱ्या बाप्यांना लिहिलंय. सटवाईच्या दिव्याला विस्तव कोण म्हणतं? घरात आपण म्हणतो का कधी, देवापुढं विस्तव लावला म्हणून?

दिवेलागणीची वेळ. गुरम्मा दुसरीकडं गेलेली. कल्लप्पा खिडकीशी पाठ करून भाकरी खात होता. मी डाव्या हातानं नरसाळं धरलं, उजव्यानं पणती पेटवली आणि पोरीच्या उशाशी, स्टुलावर ठेवली. नरसाळ्याच्या अगदी बाजूला. सटवाईला कपाळ नीट दिसावं म्हणून.

ज्योत वर आली. बोटभराची वीतभर झाली, पिवळ्याची पांढरी झाली. आवाज न्हाय, धूर न्हाय, नुसती उभी. खोली दुपारसारखी उजळली. पोरीच्या कपाळावरची लव मला मोजता आली असती. मी म्हणाले, आली. सटवाई आली. मी हात जोडायला गेले, विहीणबाई, नरसाळं धरलेल्या हातानं.

नरसाळं कललं, वारं पणतीवर गेलं आणि माझा पदर पेटला. पेटला म्हंजे कसा? चुलीपुढं पदर पेटतो तसा न्हाय. एका दमात, कापूर लावल्यागत. पुढचं टोक पोरीच्या दुपट्यावर. मी तो जाळ डाव्या मुठीत धरला आणि चुरगाळला. कल्लप्पा ओरडला, "चावी! चावी!" आणि स्वतःच झेप घालून त्यानं ती बंद केली. पणती खिडकीबाहेर गेली. वरवंटा गडगडला.

जाळ विझला. पोरीला काय झालं न्हाय, दुपट्याची कड तेवढी करपली. पण वारं बंद. डाक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी खोली सगळी तपासल्याशिवाय चावी सोडू दिली न्हाय. कुठं ठिणगी हाय का, कापडात धग हाय का. तेवढा वेळ पोर आपल्या हवेवर. बरगड्यांचा खड्डा परत. ओठांवर परत तेच जांभळं. मी भिंतीला टेकून उभी. कल्लप्पा चावीवर हात ठेवून डाक्टरीणबाईंच्या तोंडाकडं बघत होता. त्या म्हणाल्या, "सोडा." बुडबुडा आला.

मग मला व्हरांड्यात नेलं. मला वाटलं आता शिव्या देतील. बरं झालं असतं. त्यांनी एक उदबत्ती पेटवली, फुंकून विझवली, टोकाला नुसता लाल ठिपका राहिला. एका बाटलीत ते वारं भरून आणलं होतं, तिच्या तोंडात तो ठिपका धरला. भक्कन ज्योत झाली. परत विझवली, परत धरली. परत ज्योत.

"बघितलंत? हे तुमची नात पिते आहे. दिव्याला जे लागतं, तेच तिला लागतं. दिव्याला अक्कल नसते. तुम्हाला आहे, असं मी धरून चालले होते."

दिवा आणि लेकरू एकाच अन्नावर जगत्यात. जन्मभर चूल फुंकली, कोकरांच्या नाकात फुंकली, आणि हे मला कुणी सांगितलं न्हाय. अजून डोळ्यापुढनं तो ठिपका जात न्हाय.

मला आता आत यायला बंदी हाय. बरोबर हाय. डावा हात बांधलाय. उजवा चालतो म्हणून हे लिहिते.

तुमच्या पाच शब्दांना मी परवा खोटं उत्तर दिलं. मास्तर, हे हळू वाचा.

दिवाळीत तुमची दोन कार्डं आली होती. "सातवा लागला, लेकीला पाठवा." घरी टपाल आधी माझ्या हातात येतं. दोन्ही वाचली आणि बाजरीच्या कणगीमागं खुपसली. भिवरानं विचारलं, "माझ्या आईचं काय आलं का हो?" मी म्हणाले, "तुझ्या आईला मेंढरं मोजायला वेळ हाय, लेक मोजायला न्हाय." ती त्या दिवशी जेवली न्हाय.

का केलं? लग्नात तुमी चार बायकांत म्हणालात, "मेंढरांमागचं सोडून भोंग्यामागं पळणारं घर. तितं काय लेक सुखात राहणार!" तो भोंगा ऐकून मी अठरा वर्षं पोर वाढवलं. मला वाटलं, म्हाळसाबाईनं कार्डं काय धाडावी? यावं, माझ्या उंबऱ्यावर बसावं आणि मागावी लेक. मग देते.

रविवारी भिवराला कार्डं घावली. गाठोडं बांधलं आणि चालत स्टेशनवर गेली. शेजारणीनं सांगितल्यावर मी मागनं पळाले. तुमच्या जेऊरचं तिकीट तिच्या हातात होतं. मी मनगट धरलं. ती म्हणाली, "सोडा, आत्याबाई. मला आईकडं जायचंय." मी म्हणाले, "लोक बघत्यात, चल." पायऱ्यांवर तिनं मागं ओढलं, मी पुढं ओढलं. ती खाली बसली, जोरात. मी ढकललं न्हाय. ओढलं.

दुसऱ्या दिवशी पोर झाली. डाक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, कशानं झालं ते नक्की सांगता येत नाही. त्यांना येत नसंल.

आता नरसाळं धरायला माणूस न्हाय. भिवराला ताप हाय, ती उठून बसती आणि गुंडा तिला परत निजवतो. मुंबईचं सिलिंडर आज आलं, पण सिलिंडरला हात नसत्यात. अडलेल्या मेंढीपाशी दिवस दिवस उकिडवी बसणारी बाई मला एकच ठाऊक हाय. माझ्यासाठी येऊ नका. माझं तोंड बघू नका. दवाखान्याला मागल्या अंगानं दार हाय, तितनं या.

केराबाई

•

शुक्रवार पेठ, सोलापूर
मंगळवार, ता. ५ जानेवारी १९३७

म्हाळसाबाई,

परवाच्या गाडीनं तुमी लेक आणि नात घिऊन गेलात. सव्वा महिना व्हायचा होता, पण डाक्टरीणबाईंनी जा म्हटल्यावर मी कोण बोलणारी! गुंडा चढवायला आला होता. मीबी होते, मालधक्क्याच्या मागं. तुमी बघितलं न्हाय. का बघून न बघितल्यागत केलं, ते तुमाला ठाऊक.

एकवीस दिवस हितं होतात. एवढ्या दिवसांत तुमी माझ्याशी तीन शब्द बोललात. आलात त्या अवसेच्या सकाळी मी बाहेरनं खिडकीत उभी होते, तवा म्हणालात, "सरा. उजेड अडतोय." सरले. दुसऱ्या दिवसापासनं खिडकीच्या कडंला उभी राहायला लागले. तुमचं तिकडं लक्ष नव्हतं. म्हणून मला जे दिसलं ते तुमाला ठाऊक नसंल. ते सांगायला हे पत्र.

तुमी नरसाळं धरलंत ते उकिडवं बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून. मला आठ घटकांत खांदा भरायचा. तुमाला भरला न्हाय. पोरीनं मान फिरवली की तुमची मान आधी फिरायची आणि हात मागनं. कल्लप्पा खिडकीपाशी येऊन म्हणाला, "यव्वा, ही बाई आमच्या खात्यात पाहिजे होती." मी म्हणाले, "मेंढरं सोडून भोंग्यामागं यायची न्हाय ती." तो हसला. मला हसू आलं न्हाय.

पोर नवव्या दिवसात आली त्या मंगळवारी डाक्टरीणबाई आत आल्या. पोरीच्या छातीकडं लई वेळ बघितलं. मग कल्लप्पाला म्हणाल्या, "बंद करा." तो म्हणाला, "थोडी?" त्या म्हणाल्या, "पूर्ण."

त्यानं फिरवली. बाटलीत एक बुडबुडा आला. एक आला. आणि मग पाणी सपाट झालं. नऊ दिवस तो आवाज खोलीत होता, उकळत्या भातासारखा. तो थांबल्यावर गल्लीतला कल्हईवाला ऐकू आला, कावळा ऐकू आला. भिवरानं डोळे गच्च मिटले. गुंडा भिंतीकडं तोंड करून उभा. गुरम्माच्या हातात बाळंतिणीचं ताट, ती तशीच दारात.

पोरीनं श्वास घेतला. सोडला. मग घेईना. तुमच्या खांद्याचं हाड मला चोळीतनं दिसलं, एवढं ताठ झालं. मग घेतला. परत घेतला. ओठ तांबूसच. मी खिडकीच्या गजाला धरून होते, बांधलेल्या हातानं, हे मला दुसऱ्या दिवशी फोड फुटल्यावर कळलं. एवढीशी छाती, माझ्या तळव्याएवढीबी न्हाय, वर, खाली, वर, खाली. कुणी चावी फिरवत न्हाय. कुठलं सिलिंडर न्हाय, मुंबई न्हाय, गिरणी न्हाय. गल्लीतली, धुळीची, सगळ्या गावानं वापरलेली हवा, आणि पोर त्यातनं आपलं आपण निवडून घेती.

सगळे रडायला लागले. कल्लप्पा पहिला. तुमी रडला न्हाय. तुमी नरसाळं तसंच धरून होता. चार बोटं वर. त्यात काय नव्हतं, तरी धरून होता. गुरम्मानं जेवण आणलं, तुमी मान हलवली. ऊन खिडकीतनं सरून भिंतीवर गेलं. शेवटी डाक्टरीणबाई खाली बसल्या, तुमच्या बोटांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आजी, सोडा आता. ती घेते आहे." तुमी म्हणालात, "व्हय?" आणि तुमची बोटं उघडंनात. त्यांनी एकेक करून उघडली.

मी त्या दिवशी घरी आले आणि जाबरनं बोलावलं तरी गेले न्हाय. उंबऱ्यावर बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या छातीकडं बघत बसले. टांगेवाला, पालेवाली, शाळेतली पोरं. सगळे घेत होते. कुणाला ठाऊकच न्हाय.

मी माफी मागत न्हाय. मागून तुमी द्यायची, आणि मग मी मोकळी, असं ते काम न्हाय. भिवराला पाठवा म्हणत न्हाय. तिला यावंसं वाटलं तर ती येईल. न वाटलं तर गुंडा जेऊरला येत जाईल, आगगाडी हाय. तिचं टपाल हितनं पुढं मी उघडणार न्हाय. पोस्टमनला सांगितलंय, सुनेचं नाव असलं की गुंडाच्या हातात दे.

एक मागते. जाताना डाक्टरीणबाईंनी तुमाला सांगितलं ना, पोर शांत निजली असताना मिनिटाचे श्वास मोजा, साठाच्या वर गेले तर घिऊन या. जोतीराम मास्तरांकडं घड्याळ हाय. आठवड्याला एकदा मोजा आणि मला कार्ड टाका. दुसरं काय लिहू नका. तुमाला लिहावंसं वाटणार न्हाय हे मला कळतं. नुसता आकडा.

केराबाई

•

शुक्रवार पेठ, सोलापूर
मंगळवार, ता. ९ फेब्रुवारी १९३७

म्हाळसाबाई,

तुमची चार कार्डं आली. पन्नास. अठ्ठेचाळीस. चव्वेचाळीस. आकडाच मागितला होता, आकडाच पाठवलात. शब्दाला पक्क्या. कार्ड आलं की मी भिंतीला पाठ लावून बसते आणि मिनिटात तेवढे श्वास घिऊन बघते. चव्वेचाळिसाला मला चक्कर आली. शेजारीण म्हणाली, केराबाईला लागीर झालंय.

काल चौथं आलं. मास्तरांचं अक्षर, पण बोलणं तुमचंच, हे मी कुठंबी ओळखीन. "बेचाळीस. मोजताना हसली, म्हणून परत मोजले."

कालपासनं कितींदा वाचलं सांगत न्हाय. गुंडाला वाचून दाखवलं. गिरणीत कल्लप्पाला वाचून दाखवलं, त्याला मराठी वाचता येत न्हाय. डाक्टरीणबाईंकडं नेलं. त्या कामात होत्या, तरी दारात उभं राहून त्यांनी वाचलं आणि कार्ड माझ्याकडं द्यायला विसरल्या. मी मागून घेतलं.

कोण हसली हे लिहिलं न्हाय तुमी. पोरगीच असणार. दुसरं कोण हसणार तुमच्या घरात!

विहीणबाई, बेचाळीस, बास झालं. आता मोजू नका. पोरीला हसू द्या.

केराबाई